दाढीनंतरची पंधरा मिनिटं

नमस्कार. सुरुवातीलाच तुम्हाला हात वर करायला लावतो. दाढी झाल्यावर तळहातावर काहीतरी झणझणीत ओतून दोन्ही गालांवर चापट्या मारून घेणारे इथे किती जण आहेत? बघा, निम्मं सभागृह. आता हात तसेच ठेवा. जेवढी आग जास्त तेवढी सफाई चांगली, असं वाटणारे किती? एकही हात खाली आला नाही. (हशा) मग आज मी अगदी योग्य ठिकाणी आलो आहे.

पाणी, फेस आणि पातं यांनी केलेली दाढी, आणि ती झाल्यावर कातडीची निगा, हा आपला विषय. विजेवरच्या यंत्राची कोरडी दाढी आज बाजूला ठेवू. मी रसायनशास्त्राचा शिक्षक; आयुष्यभर तेच शिकवलं. त्वचेचा डॉक्टर नाही. पण या एका गोष्टीने मला इतकी वर्षं छळलं की तिचा शेवटपर्यंत छडा लावल्याशिवाय मला राहवलं नाही.

मी सतरा वर्षांचा असताना वडिलांनी पहिल्यांदा हातात पातं दिलं. फेस कसा काढायचा, कातडी कुठे ताणायची, हनुवटीच्या खळग्यात हात कसा हलका ठेवायचा, सगळं फार मायेने शिकवलं. शेवटी त्यांची आफ्टरशेव्हची बाटली पुढे केली. ते लावलं आणि डोळ्यांतून पाणीच आलं. ते म्हणाले, "चरचरतंय ना? म्हणजे काम करतंय." हे वाक्य मी पुढची सोळा वर्षं खरं मानलं. आपल्या भाषेत जखमेवर मीठ चोळणं हे दुष्टपणाचं काम आहे, आणि त्याच भाषेत बोलणारे आपण रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ते स्वतःला करतो.

त्या सोळा वर्षांत माझ्या गळ्यावर, कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना काळपट पट्टे उमटले. अधूनमधून पुटकुळ्या, कधी ठसठसणारं केसतोड. एका दवाखान्यात गेलो. दोन मिनिटांत मलम लिहून मिळालं. आठ दिवसांत गळा स्वच्छ. मलम थांबवलं की सगळं दुपटीने परत. असं वर्षभर चाललं. त्या मलमात स्टेरॉइड होतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि असं मलम चेहऱ्यावर किंवा गळ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, तिच्यातून रक्ताच्या बारीक शिरा दिसायला लागतात, हेही नाही. माझं तेच झालं. या गोष्टीचा मला आजही राग आहे, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. घरात उरलेली कुठलीही नळी दाढीच्या पुरळावर फिरवू नका. आधी तिच्यात काय आहे ते विचारा.

मग दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी गळा पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "दाढी झाल्या झाल्या तुम्ही काय लावता?" सोळा वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आजचं व्याख्यान त्या प्रश्नातून निघालेलं आहे.

आता पातं नेमकं काय करतं ते बघू. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. तो किती जाड? एका मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यातले एक ते दोन भाग. एवढ्याशा थरावर आपला सगळा बंदोबस्त उभा आहे. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे चरबी: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं, ही दोन्ही कामं हा चुना करतो. पातं फक्त केस कापतं असं आपल्याला वाटतं. पातं धुतल्यावर जो राखाडी गाळ निघतो त्यात केसांच्या जोडीने याच थराचे सोललेले पापुद्रे असतात. उलट्या हाताने, म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध दिशेने, दाब देऊन, त्याच जागेवरून तिसऱ्यांदा पातं फिरवलं की तो थर जागोजागी विरतो. रक्त दिसत नाही, म्हणून जखम झाली असं कुणी म्हणत नाही.

त्यात साबण. निरोगी कातडीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा) पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. साध्या साबणाचा नऊ ते दहा. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो की सामूची मोजपट्टी फसवी आहे. एक पायरी म्हणजे दहापट. पाचापासून नऊपर्यंत चार पायऱ्या, म्हणजे दहा हजारपट फरक. आणि मघाचा चुना नव्याने तयार करणारी कातडीतली विकरं (एन्झाइम्स) आम्ल वातावरणातच नीट काम करतात. म्हणजे पात्याने विटा काढल्या आणि साबणाने गवंड्याला सुट्टी दिली, असा प्रकार.

मग ही अल्कोहोलची झणझणीत बाटली आली कुठून? आपले वाडवडील वेडे नव्हते. त्यांची भीती खरी होती, आणि ती समजावी म्हणून माझी आवडती हकीकत सांगतो.

इजिप्तचा प्राचीन राजा तूतनखामेन, त्याची कबर सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला ती सापडली. उत्खननाचा खर्च वर्षानुवर्षं लॉर्ड कार्नार्व्हन यांनी केला होता. हा माणूस मूळचा नाजूक प्रकृतीचा. जर्मनीत मोटारीचा मोठा अपघात झाला होता, त्यानंतर तब्येत कायमची ढासळली आणि हिवाळ्यात इंग्लंडची थंडी सोसवेना, म्हणून ते इजिप्तला जायला लागले. तिथे उत्खननाचा नाद लागला. फेब्रुवारी १९२३ मध्ये कबरीची आतली खोली उघडली, जगभरची वर्तमानपत्रं दारात येऊन बसली. आणि त्याच सुमाराला कार्नार्व्हन यांच्या गालाला एक डास चावला.

डासच. त्या चाव्यावरून दाढी करताना वस्तरा फिरला आणि जागा कापली गेली. तिथून जंतू आत शिरले. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. रक्तात विष भिनलं, त्यावर न्यूमोनिया झाला आणि ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत ते गेले. वय ५६. मग ममीच्या शापाच्या कहाण्या सुरू झाल्या. कैरोतले दिवे त्याच क्षणी गेले म्हणे, इंग्लंडमध्ये त्यांचा कुत्रा केकाटून मेला म्हणे. मोठमोठी शहाणी माणसं त्या कहाण्या चघळत बसली. शाप वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि तो गाल डोळ्यांसमोर आणा. चाव्याची फुगलेली जागा आणि तिच्यावरून गेलेलं पातं. पात्याला केस आणि फोड यातला फरक कळत नाही. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून पाच वर्षं होती, १९२८. औषध म्हणून ते हातात यायला आणखी कितीतरी.

हा काळ असा होता. पहिल्या महायुद्धात तर दाढीच्या ब्रशातून अँथ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा रोग झाला. प्राण्यांच्या केसांचे ब्रश, ते नीट निर्जंतुक न करता बाजारात आलेले, आणि सैनिक त्यांनीच तोंडाला फेस लावणार. अशा जगात एकच वस्तरा दहा गालांवरून फिरत असेल तर दाढीनंतर स्पिरिट लावणं शहाणपणाचंच होतं. त्या माणसांना मी हात जोडतो. पण आज पातं तुमचं स्वतःचं आहे, नळाला पाणी आहे. भीतीचं कारण गेलं, आग तेवढी राहिली, आणि तिला सुगंध चिकटला.

आता ती आग. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा सावकाश घेतो. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. साधारण ४२ अंश सेल्सियसच्या वर गेलं की ते मेंदूला सांगतं, "चटका!" मिरचीने तोंड पोळतं तेही याच प्रथिनामुळे. ते डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधून काढलं, आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं. तर, अल्कोहोल या प्रथिनाचा उंबरठा खाली आणतं, ४२ वरून सुमारे ३४ अंशांवर. आता विचार करा, आपल्या चेहऱ्याच्या कातडीचं तापमान किती असतं? तेहतीस-चौतीसच्याच आसपास! म्हणजे सोललेल्या जागेवर अल्कोहोल गेलं की आपल्याच अंगची ऊब आपल्याला चटका म्हणून जाणवते. तिथे जंतू असोत वा नसोत, चरचरणारच. ज्या दिवशी हे मला कळलं त्या दिवशी वडिलांचं ते वाक्य आठवलं आणि त्यांना फोन करावासा वाटला. ते तेव्हा नव्हते.

गारव्याचंही तसंच. मेंथॉल लावल्यावर जो थंडावा वाटतो तो थंडी ओळखणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला दिलेली हूल आहे. कातडी होती तेवढीच गरम राहते. मेंथॉलवर माझा राग नाही, कुणाला सोसत असेल तर लावावं. फक्त त्याने दाह उतरला असं समजू नये. अल्कोहोल मात्र उडून जाताना कातडीतलं पाणी घेऊन जातं, आणि उरलासुरला चुनाही धुऊन नेतं.

सुगंधाबद्दल एक आठवण. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फारिना यांनी जर्मनीतल्या कोलोन शहरात आपलं अत्तर प्रसिद्ध केलं. कोलोन हे नाव तिथलं. अशा अत्तरांत बर्गामॉट नावाच्या फळाचं तेल असायचं. त्यात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं की तिथे तपकिरी ओघळ उमटतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. आता बरेच उत्पादक ते द्रव्य काढून टाकतात. तरीही सोललेल्या गळ्यावर अत्तर कशाला? शर्टावर लावा. सावळ्या कातडीवर तर कुठलाही दाह मागे काळा डाग ठेवून जातो. माझे पट्टे त्यातलेच होते.

चिठ्ठी आली आहे. "दहा मिनिटं." जे सांगायला मला बोलावलं होतं ते अजून राहिलंच आहे, तर आता भराभर.

शेवटचा हात झाला की फेस कोमट पाण्याने पूर्ण धुवा. कानाखाली आणि जबड्याच्या कडेला राहतो, तिथे बोट फिरवून बघा. मग गार पाण्याचे हबके मारा. बर्फ नको. गार पाण्याने वरच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लाली उतरते. टॉवेल स्वच्छ हवा, आणि टिपायचा. घासलात की पात्याने जे ठेवलं ते टॉवेल नेतो. चेहरा पूर्ण कोरडा करू नका, दमट असू द्या.

कापलं असेल तर तिथे स्वच्छ कापड एक-दोन मिनिटं दाबून धरा. दर पाच सेकंदांनी उचलून बघायचं नाही. नाहीच थांबलं तर तुरटी. तुरटीने प्रथिनं गोठतात आणि कातडी आवळते. कच्चं फळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळते, तसंच. आपल्या भाषेने चवीला आणि खड्याला एकाच घरचं नाव दिलंय ते किती अचूक आहे! पण तुरटी कापल्या जागेपुरतीच. अख्ख्या चेहऱ्यावर फिरवायची सवय असेल तर अर्ध्या मिनिटात धुऊन टाका, नाहीतर कातडी ओढली जाते.

मग त्या दमट चेहऱ्यावर लगेच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं साधं क्रीम. त्यात ग्लिसरीन असावं, ते पाणी धरून ठेवतं. सेरामाइड असेल तर उत्तम. कातडी फार कोरडी असेल तर पेट्रोलियम जेली अगदी पातळ, दोन बोटांत चोळून. पाणी उडू न देण्यात तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. तेलकट चेहऱ्याला मात्र जेल किंवा हलकं लोशन. चेहऱ्याला लावायचे आम्लाचे थेंब, रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं क्रीम), खरखरीत दाण्यांचा स्क्रब, यातलं काहीही दाढीनंतर लगेच नको. दुसऱ्या रात्री बघू. बाहेर जायचं असेल तर क्रीम मुरू द्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन लावा. गळ्याला विसरू नका. त्या पंधरा मिनिटांत व्यायाम नको, घाम झोंबतो. हातही लावत बसू नका.

आत वळणारे केस, यावर खरं तर वेगळा तास हवा. कुरळा केस बाहेर येऊन परत कातडीत घुसतो, किंवा फार खोल कापला गेला तर आतल्या आत भिंत टोचतो. एकापेक्षा जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढून वर घेतं, मागचं कापतं, आणि तो टोकदार तुकडा कातडीच्या खाली जाऊन बसतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी एकच पातं वापरावं, फक्त सुलट हात मारावा, आणि जरासा खुंट राहिला तर राहू द्यावा. टोकरून केस काढू नका. पू धरला, लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कार्नार्व्हन यांच्याकडे जे औषध नव्हतं ते आपल्याकडे आहे.

दुसरी चिठ्ठी आली. एकच सांगून थांबतो. पातं झटकून कोरड्या जागी ठेवा. पातं आणि तुरटीचा खडा घरात ज्याचा त्याचा वेगळा ठेवा, बाप-लेकांचाही. हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, आणि खड्यावर लागलेलं रक्त डोळ्यांना दिसतही नाही. धन्यवाद. प्रश्न असतील तर मी बाहेर व्हरांड्यात थांबतो.