अंगात ३७, प्लेटला ३५

परळ. सकाळचे साडेसात. खाली स्टेशनवर गर्दी सुरू झालीये आणि इथे लॅबमधल्या ताई इनक्युबेटर उघडून काल लावलेल्या प्लेटी बाहेर काढतायत. प्लेटभर जंतूंची पांढुरकी साय धरलीये, त्यात अँटिबायोटिकच्या छोट्या डिस्क आणि डिस्कभोवती मोकळी गोल जागा, तिला म्हणतात झोन. झोन पुरेसा मोठा तर एस, म्हणजे औषध चालेल, लहान तर आर, रेझिस्टंट. आयसीयूबाहेर रात्रभर बसलेल्या नातेवाइकांच्या हातात कल्चरचा जो कागद येतो ना, त्यावरचं अक्षर असं पट्टीने मोजून ठरतं.

पण झोन एकट्या औषधामुळे पडत नाही. जंतू किती पेरले, कशावर वाढवले, किती उबेत ठेवले, सगळं त्यात येतं. म्हणून जगभर एकच अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, मुलर-हिंटन, १९४१ चा, जाडी ४ मिमी, पातळ ओतला की झोन उगाच मोठा. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडलं तर स्यूडोमोनस या जंतूवर जेंटामायसिन हे अँटिबायोटिक आहे त्यापेक्षा जास्त चालतंय असं दिसतं, आणि डॉक्टर त्याच भरवशावर औषध सुरू करणार.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते एमआरएसएची, म्हणजे मेथिसिलिनसारख्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफ जंतूची. अंगात ३७ डिग्री, मग प्लेटला ३५ च का? तर ह्याच्या बऱ्याच जातींमध्ये रेझिस्टन्सचा जीन सगळ्या जंतूंकडे असतो पण तो दाखवतात त्यातले मोजकेच, आणि ऊब ३५ च्या वर गेली की तेवढेही दाखवत नाहीत, मग प्लेट बघून वाटतं साधा स्टॅफ आहे. दोन डिग्रीचा फरक हो! मुंबईच्या मे महिन्यात, इनक्युबेटर गच्च भरलेला असताना, ते दोन डिग्री सांभाळणं हे खरंच मोठं काम आहे, आणि ते कुणाला दिसत नाही.

आणि सगळं नीट जमलं तरी प्लेटवरचा जंतू मोकळा असतो. तोच कॅथेटरवर चिकट थर करून बसला की प्लेटवर एस आलेलं औषधही तिथे कमी पडू शकतं, अशा वेळी बरेचदा कॅथेटरच काढावा लागतो.

ताई आधी पेशंटची प्लेट घेत नाहीत. आधी कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा जंतू: एटीसीसी २५९२२ नंबरचा, ओळखीचा ई. कोलाय. जेंटामायसिनचा झोन १९ ते २६ मिमीमध्ये हवा, नाहीतर आज त्या औषधाचा रिपोर्ट जाणार नाही. पट्टी लावली. २२.

आता पेशंटच्या प्लेटी.