एका गावाचा रायडर

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या खेळाविषयी बोलणार आहे तो आपल्यातल्या फारच थोड्यांनी पाहिला असेल. खेळाचं नाव स्पीडवे. तो इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या गावागावांत जवळजवळ शंभर वर्षं चालत आला आहे, आणि गेली काही वर्षं तिथे एकेका गावातून उठत चालला आहे. त्याची लीग आता नव्याने बांधायला हवी, असं त्याच्यावर जीव असलेले लोक म्हणतात. मलाही तसंच वाटतं. का वाटतं, ते सांगतो.

आधी खेळ डोळ्यांपुढे यायला हवा. मोटरसायकल पाचशे सीसीची, एकाच सिलिंडरची. इंधन पेट्रोल नव्हे, मिथेनॉल. गिअर एकच. आणि ब्रेक नाही. पुढेही नाही, मागेही नाही. अशा चार गाड्या लंबगोल ट्रॅकवर आडव्या ताणलेल्या फितींपुढे उभ्या राहतात. फिती वर उडाल्या की सुटतात. चार फेऱ्या, सगळ्या डावीकडे वळत, आणि साधारण एका मिनिटात शर्यत संपलेली. ट्रॅकवर भरड दगडी चुरा असतो, आपल्याकडच्या मुरमासारखा. वळणावर रायडर वेग कमी करत नाही, उलट मूठ पिळतो. मागचं चाक बाहेर घसरतं, पुढचं चाक उजवीकडे वळलेलं दिसतं आणि गाडी मात्र डावीकडे जाते. डाव्या बुटाला पोलादी तळ असतो, तो जमिनीवर घासत जातो.

माझ्या वडिलांकडे जावा मोटरसायकल होती. म्हैसूरला बनलेली, किकचाच दांडा पुढे ढकलला की गिअर होणारी. कामानिमित्त मी इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला राहायला गेलो आणि पहिल्यांदा तिथल्या मॉनमोर ग्रीनच्या स्टेडियममध्ये गेलो, तेव्हा कळलं की याच जावाच्या नावाने चेक देशात स्पीडवेच्या गाड्याही बनत आल्या आहेत आणि जगभरच्या रायडरांनी त्या पळवल्या आहेत. त्या एका नावामुळे परक्या गावात मला एकदम ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं.

सोमवारची संध्याकाळ होती. वुल्व्हरहॅम्प्टनचा वार सोमवार. पूलचा बुधवार, इप्सविचचा गुरुवार, ग्लासगोचा शुक्रवार. गावाला जसा बाजाराचा वार असतो, तसा त्या गावांना स्पीडवेचा वार असे. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. थर्मासमध्ये चहा, अंगावर जाड कोट, हातात पुठ्ठ्याला लावलेली कार्यक्रमपत्रिका आणि कानामागे पेन्सिल. पेन का नाही, असं विचारलं. त्या म्हणाल्या, पावसात पेन उठत नाही. त्या पत्रिकेत पंधरा शर्यतींचे पंधरा चौकोन छापलेले असतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. लाल आणि निळं हेल्मेट यजमानांचं, पांढरं आणि पिवळं पाहुण्यांचं. प्रत्येक शर्यत संपली की बाई आकडे लिहीत, बेरीज करत. मान वर करून पाहिलं तर आजूबाजूला शेकडो माणसं मान खाली घालून तेच करत होती. मग ट्रॅक्टर येऊन उधळलेला चुरा पुन्हा सारखा करी. हवेत जळलेल्या तेलाचा गोडसर वास भरलेला. पहिल्या वळणाशी उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडावर चुऱ्याचा मारा होई आणि ती त्यासाठीच तिथे उभी असत.

हा खेळ आला ऑस्ट्रेलियातून. ब्रिटनमधली त्याची सुरुवात सहसा १९ फेब्रुवारी १९२८ पासून धरतात. लंडनजवळच्या एपिंग जंगलात हाय बीच इथे शर्यती झाल्या आणि आयोजकांच्या कल्पनेपलीकडे हजारो माणसं लोटली. पुढच्याच वर्षी दोन लीग सुरू झाल्या, एक उत्तरेची, एक दक्षिणेची. १९३६ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं, ते लायोनेल व्हॅन प्राग या ऑस्ट्रेलियनाने जिंकलं. वेम्बलीवरची शेवटची जागतिक अंतिम फेरी १९८१ सालची. अमेरिकेच्या ब्रूस पेनहॉलने ती जिंकली, तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. आज लंडन शहरात स्पीडवेचा एकही संघ नाही. वेम्बली गेलं, व्हाइट सिटी गेलं, हॅकनी गेलं, विम्बल्डनही गेलं.

आता एक यादी वाचून दाखवतो. १९९७ मध्ये एलिट लीग या नावाने वरची लीग वेगळी काढली, तेव्हा तिच्यात दहा संघ होते. बेल व्ह्यू, ब्रॅडफर्ड, कॉव्हेंट्री, ईस्टबोर्न, इप्सविच, किंग्ज लिन, पीटरबरो, पूल, स्विंडन, वुल्व्हरहॅम्प्टन. ब्रॅडफर्डने त्याच वर्षी विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी ते बंद पडलं. कॉव्हेंट्रीची ब्रँडनच्या स्टेडियममधली शर्यत २०१६ नंतर झालेली नाही. स्विंडनने २०१९ मध्ये लीग जिंकली. पुढच्या वर्षी कोरोनामुळे हंगामच झाला नाही, आणि मग स्विंडनचा संघ परतलाच नाही. ईस्टबोर्नने २०२१ चा हंगाम अर्ध्यावर सोडला. पीटरबरोने त्याच २०२१ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि २०२३ नंतर त्यांचं मैदान गेलं. वुल्व्हरहॅम्प्टनही २०२३ मध्येच संपलं. दहांतले सहा गेले.

आणि यांतले तीन तर बंद पडण्याआधी नुकतेच विजेते झाले होते. खालच्या लीगमधल्या वर्किंग्टननेही २०१८ मध्ये लीग आणि चषक दोन्ही जिंकले आणि हंगाम संपताच क्लब बंद केला. हरणारा संघ बंद पडला तर समजू शकतं. जिंकून, मिरवणूक काढून, करंडक घरी नेऊन बंद पडणाऱ्या संघाचं दुखणं मैदानावरच्या खेळात नसतं.

ते बरंचसं मैदानाखालच्या जमिनीत आहे. बहुतेक क्लबांची जागा स्वतःची नाही. स्टेडियम कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्यांचं असतं, प्रदर्शनाच्या मैदानाचं असतं, नाहीतर एखाद्या बांधकाम कंपनीने विकत घेतलेलं असतं. मॉनमोर ग्रीनमध्ये १९२८ मध्ये पहिल्यांदा गाड्या धावल्या होत्या. जागा कुत्र्यांच्या शर्यतीवाल्यांची होती, त्यांना ती स्वतःच्या कामासाठी हवी झाली आणि स्पीडवेला बाहेर पडावं लागलं. पीटरबरोच्या मैदानावर घरं बांधायचा बेत होता. स्विंडनला नव्या स्टेडियमचं आश्वासन वर्षानुवर्षं मिळत राहिलं आणि आजूबाजूला घरं उठत गेली. कॉव्हेंट्रीचे लोक मात्र लढले. ब्रँडनच्या जागेवर घरं बांधायचा अर्ज तिथल्या नगर परिषदेने २०२२ मध्ये फेटाळला, त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं. ते लढले याचा मला अभिमान वाटतो. पण दरम्यान ते स्टेडियम जळून, मोडून पडलं आहे.

एका गावातला क्लब बंद झाला की तिथले प्रेक्षक शेजारच्या गावात जातील, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. तसं होत नाही. आयुष्यभर ज्या संघाविरुद्ध ओरडलो, त्याचाच मफलर गळ्यात घालून कोण उभं राहील? क्लब गेला की त्याची माणसंही खेळातून जातात. ती कुठेच दिसत नाहीत.

जमिनीवर लीगच्या पदाधिकाऱ्यांचा हात फारसा पोचत नाही, हे मान्य करायला हवं. मँचेस्टरला महापालिका पाठीशी राहिली म्हणून २०१६ मध्ये नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं. ऑक्सफर्डला २००७ मध्ये थांबलेला खेळ २०२२ मध्ये त्याच स्टेडियममध्ये परत आला. म्हणजे अशक्य नाही, पण हे प्रसंग विरळा. जे लीग चालवणाऱ्यांच्या पूर्ण हातात आहे, त्याबद्दल मी थोडं कडक बोलणार आहे.

आज वर प्रीमियरशिप, खाली चॅम्पियनशिप. २०२४ मध्ये वरच्या लीगमध्ये फक्त सात संघ होते. सातच संघ म्हटल्यावर हंगामभर तेच पाहुणे पुन्हा पुन्हा येतात. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. एकच रायडर वरच्या लीगमध्ये एका गावासाठी आणि खालच्या लीगमध्ये दुसऱ्या गावासाठी पळतो. तिकडे याला डबलिंग-अप म्हणतात. शिवाय कुणी जखमी झाला की त्याच्या जागी दुसऱ्याच क्लबचा रायडर एका रात्रीपुरता पाहुणा म्हणून आणता येतो. गेल्या आठवड्यात ज्याच्या नावाने बोटं मोडली, तोच आज आपल्या संघाचा अंगरखा घालून समोर. नवख्या माणसाला हे समजावून सांगताना माझी नेहमी दमछाक झाली. त्याचा प्रश्न साधा असतो, हा कुणाचा?

रायडरला मी दोष देत नाही. तो पगारी नोकर नसतो. गाड्या त्याच्या, इंजिनाचा खर्च त्याचा, मेकॅनिक त्याचा, आणि पैसे मिळणार गुणांच्या हिशेबाने. एका क्लबच्या कमाईत त्याचं भागत नाही. आणि पैसा आहे पोलंडमध्ये. तिथे लुब्लिन, व्रोत्सवाफ, टोरुन अशा शहरांत स्पीडवेची स्टेडियमं भरतात, बार्टोश झ्मार्झलिकसारखा सहा वेळचा जगज्जेता तिथे घरोघरी माहीत आहे. स्वीडनची लीग मंगळवारी. चांगला रायडर आठवडाभर विमानं आणि व्हॅन यांत असतो. त्याच्या सोयीने ब्रिटनने आपल्या वरच्या लीगचे वार सोमवार आणि गुरुवार असे ठरवून टाकले. गावांचे जुने वार मोडले. मला हे फार लागलं. शुक्रवारी रात्री पोरांना घेऊन येणारा बाप सोमवारी त्यांना कसा आणेल? मंगळवारी सकाळी शाळा असते.

याच काळात ब्रिटनचे स्वतःचे रायडर मात्र मागे नाहीत. टाय वुफिंडेन २०१३, २०१५ आणि २०१८ असा तीनदा जगज्जेता झाला. डॅन ब्युली, रॉबर्ट लॅम्बर्ट यांच्या जोरावर ग्रेट ब्रिटनने २०२४ ची स्पीडवे ऑफ नेशन्स ही देशादेशांमधली स्पर्धा मँचेस्टरमध्येच जिंकली. झाडाला फळं लागताहेत आणि मुळाखालची माती वाहून चालली आहे, अशी ही गत आहे.

मग करायचं काय? इतिहासात दोन दाखले आहेत. १९५० च्या दशकात मोठा करमणूक कर आणि घरात आलेला टेलिव्हिजन यांनी खेळ असाच खंगला होता. १९६० मध्ये छोट्या गावांनी प्रोव्हिन्शियल लीग काढली, आणि १९६५ मध्ये ती व जुनी नॅशनल लीग एकत्र होऊन अठरा संघांची ब्रिटिश लीग झाली. नामवंत रायडर संघांत वाटून दिले गेले. काही वर्षांतच खाली दुसरी श्रेणी काढावी लागली, इतकी गावं यायला तयार झाली. दुसरा दाखला १९९५ चा. तेव्हाही दोन्ही श्रेणी मोडून एकवीस संघांची एकच लीग केली, आणि ती दोन वर्षांत फिसकटली. एकत्र येणं म्हणजे रामबाण औषध असं कुणी सांगू लागलं, तर मी त्याला १९९५ ची आठवण करून देईन. छोट्या गावाने मोठ्या गावाच्या खर्चाने खेळायचं ठरवलं की छोटं गाव मोडतं.

म्हणून माझं म्हणणं असं. एक लीग करा, पण खर्च सगळ्यात लहान गावाला झेपेल असा ठरवा. १९२९ सारखे उत्तर आणि दक्षिण असे दोन गट पाडा, म्हणजे प्लिमथच्या संघाला स्कॉटलंडपर्यंतचे हेलपाटे कमी होतील आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या लढती वाढतील, ज्यांना गर्दी जमते. गावाला त्याचा वार परत द्या. आणि एक रायडर, एक क्लब. पोलंडचे तारे येणार नाहीत, दर्जा थोडा उतरेल, टीव्हीवाले कुरकुर करतील. करू देत. वळणाशी उभ्या असलेल्या पोराला गाडी सेकंदाच्या कितव्या भागाने हळू धावली ते कळत नाही. त्याला लाल हेल्मेटमधला रायडर आपला आहे की नाही, तेवढं कळतं.

मॉनमोर ग्रीनच्या त्या बाईंशी माझा अजून पत्रव्यवहार आहे. त्यांचं स्टेडियम गेल्यावर मी विचारलं होतं, आता सोमवारी काय करता? त्यांनी लिहिलं की दुसऱ्या कुठल्या गावाला त्या जात नाहीत. पण वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघात त्यांचा एक लाडका पोरगा होता, तो आता दोन क्लबांकडून पळतो. निकाल आले की त्या त्याचे गुण एका वहीत पेन्सिलीने उतरवतात आणि चार शर्यतींमागची सरासरी काढतात. वहीत त्याच्या नावाखाली त्यांनी दोन रकाने आखले आहेत. रकान्यांच्या डोक्यावर क्लबांची नावं मात्र लिहिलेली नाहीत.

नमस्कार.