पाठीत उसण भरते तेव्हा

(दृश्य: सकाळची वेळ. एक व्यक्ती बुटाची नाडी बांधायला वाकते आणि वाकलेल्या अवस्थेतच थबकते. एक हात कमरेवर.)

फार काही उचललेलं नसतं. कुठे पडलेलं नसतं. नाडी बांधायला वाकलं, किंवा साधी शिंक आली, आणि कमरेत लख्खकन चमक उठली. आता सरळ उभं राहता येत नाही, खाली बसता येत नाही. पाठीत उसण भरली. ज्याला ती एकदा भरते, त्याच्या डोक्यात तेव्हाच एक विचार घर करतो, की आत काहीतरी तुटलं, काहीतरी सरकलं.

बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. पण तो विचार मात्र राहतो, आणि दुखणं लांबवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. म्हणून आधी आत काय आहे ते नीट पाहू.

(दृश्य: पाठीच्या कण्याची प्रतिकृती. कॅमेरा मानेपासून खाली सरकतो.)

मानेत 7 मणके, पाठीत 12, कमरेत 5. हे 24 मणके हलतात. त्यांच्याखालचे मणके वाढत्या वयात एकमेकांना जुळून जातात. मणक्यांच्या मधे चकत्या असतात, बाहेरून चिवट तंतूंच्या आणि आतून मऊसर, पाणीदार. यांनाच आपण बोलताना गादी म्हणतो. शब्द छान आहे, पण ‘गादी सरकली’ हे चित्र खोटं आहे. चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला इतकी घट्ट चिकटलेली असते, की ती कपाटाच्या खणासारखी बाहेर येऊच शकत नाही. फार तर तिची कड फुगते, किंवा कडेला चीर जाऊन आतला मऊ भाग थोडा बाहेर येतो.

दिवसभराच्या भाराने या चकत्यांमधलं पाणी थोडं कमी होतं आणि रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर जास्त असते. अंतराळात भारच नसतो, तिथे अंतराळवीरांची उंची 5 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते, आणि गंमत म्हणजे तिथे त्यांच्यापैकी अनेकांची पाठ दुखते. भार हाच पाठीचा शत्रू असता, तर तसं झालं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या दहापैकी जवळपास नऊ जणांच्या दुखण्यामागे एखादी ठरावीक इजा किंवा आजार बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नायू, मणक्यांचे छोटे सांधे, चकत्या, त्यांना बांधून ठेवणारे बंध, यांपैकी कुठून दुखतंय हे सांगणारी खात्रीची तपासणी नाही. हे ऐकून रुग्ण खट्टू होतो. त्याला नाव हवं असतं, फोटो हवा असतो. ते स्वाभाविक आहे.

(दृश्य: एमआरआयच्या काळ्या-पांढऱ्या फिल्म. एक हात त्या प्रकाशासमोर धरतो.)

मग फोटो काढला जातो. फोटोत काहीतरी सापडतंच.

1994 साली अमेरिकेत 98 माणसांच्या कमरेचा एमआरआय केला गेला. यांच्यापैकी कुणालाही कंबरदुखी नव्हती. तरीही 52 टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता. सगळ्या चकत्या अगदी व्यवस्थित असलेले निघाले फक्त 36 टक्के. पुढे 2015 मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांमध्ये 37 टक्क्यांच्या चकत्यांत झीज दिसते, आणि ऐंशीच्या घरात हाच आकडा 96 टक्क्यांवर जातो. केस पिकतात, तशा चकत्याही वयाबरोबर सुकतात.

रिपोर्टवर मात्र ‘केस पिकले’ इतकं सौम्य कुणी लिहीत नाही. तिथे ‘डीजनरेशन’ (झीज) असतं, ‘बल्ज’ (फुगवटा) असतं, ‘कॉम्प्रेशन’ (दाब) असतं. माणूस तो कागद दवाखान्याबाहेर उभा राहून वाचतो आणि त्या दिवसापासून वाकणं सोडतो. मूल उचलत नाही. खुर्चीतून उठताना श्वास रोखतो. पाठ सतत आखडून धरतो. आखडलेले स्नायू दुखतात, आणि ते दुखणं त्याला पुरावा वाटतं, की बघा, मणका खराबच आहे. मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त कळवळा येतो तो इथे, कारण हे नुकसान शब्दांनी केलेलं असतं आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

दुखणं खोटं असतं असा याचा अर्थ नाही. ‘सगळं मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य क्रूर तर आहेच, चुकीचंही आहे. वेदना खरीच असते. पण ती किती तीव्र होईल आणि किती टिकेल, हे मज्जासंस्था ठरवते, आणि मज्जासंस्थेवर अपुऱ्या झोपेचा, काळजीचा, उदासीचा, कामावरच्या ताणाचा परिणाम होतो. महिनोन्‌महिने दुखत राहिलं, की ही यंत्रणा हळवी होते. दाराची घंटा जोरात दाबल्यावर वाजायची, ती आता नुसत्या वाऱ्यानेही वाजायला लागते. म्हणून जुन्या पाठदुखीत झोपेची चौकशी करणारा डॉक्टर विषयांतर करत नसतो.

(दृश्य: रिकामा पलंग. खिडकीतून येणारं ऊन हळूहळू सरकतं.)

पूर्वी उसण भरली, की सक्तीची विश्रांती सांगत. आठवडा, कधी पंधरवडा. 1986 मध्ये अमेरिकेतल्या 203 रुग्णांवर एक सरळ प्रयोग झाला. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. बरं होण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे 45 टक्के कमी दिवस बुडाले. 1995 मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात त्याहून पुढची गोष्ट दिसली. जमेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे लोक, झोपून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले.

फळीवर झोपण्याचा सल्लाही असाच. 2003 मध्ये स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी दिली गेली. मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला.

(दृश्य: संगणकासमोर बसलेली व्यक्ती, पाठमोरी. ती मान डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहते.)

आता मान. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. मान पुढे झुकली, की ते तोलून धरायला मानेमागच्या स्नायूंना जास्त ओढ लावावी लागते. फोनकडे पाहून मान मोडते असं नाही, मान त्यासाठी पुरेशी मजबूत आहे. त्रास होतो तो एकाच स्थितीत तासन्‌तास राहिल्याने. बसण्याची एकच बिनचूक पद्धत शोधत बसण्यापेक्षा, अर्ध्या-पाऊण तासाने उठणं, खांदे फिरवणं, बसण्याची ढब बदलणं अधिक उपयोगाचं. सकाळी उठल्यावर अवघडलेली मान बहुधा काही दिवसांत सुटते. शेक घ्यावा आणि मान हळूहळू, जमेल तितकी फिरवत राहावी. गळ्यात पट्टा घालून महिनाभर तिला गप्प ठेवलं, तर स्नायू मात्र आळशी होतात.

दुखणं हातात किंवा पायात उतरलं, की गोष्ट थोडी वेगळी. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जाणारी कळ, मुंग्या, बधिरपणा, म्हणजे बोलीभाषेतली ‘नस दबणं’, सायटिका. चकतीतून बाहेर आलेला भाग नसेच्या मुळाशी टेकतो आणि तिथे सूजही येते, हे 1934 नंतर सर्वमान्य होत गेलं. जे तितकंसं माहीत नसतं ते हे, की शरीरातल्या पेशी तो बाहेर आलेला तुकडा स्वतःच हळूहळू खाऊन टाकू शकतात. मोठे तुकडे तर अनेकदा जास्त आक्रसतात. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिका असलेल्या 283 जणांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली. थांबून पाहणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया लागली. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत बरे झालेले सारखेच, 95 टक्के. म्हणजे शस्त्रक्रिया वाईट नाही. कळ असह्य असेल, तर ती महिने वाचवते. घाबरून घाईने मात्र करू नये.

(दृश्य: पडदा काळा. निवेदन सावकाश.)

पुढच्या काही गोष्टींत मात्र एक दिवसही घालवू नका. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि जननेंद्रियांभोवती बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. मानेच्या दुखण्याबरोबर बटणं लावताना बोटं चुकू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, मोठा अपघात, हाडं ठिसूळ असताना साधंसं पडणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि आडवं होऊनही न थांबणारं दुखणं, हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगा. तरुण वयात पाठ रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल आणि विश्रांतीपेक्षा हालचालीने मोकळी होत असेल, तर तो सांध्यांचा दाहक आजार असू शकतो. त्याला औषध आहे, पण निदान वर्षानुवर्षं लांबतं.

(दृश्य: पहाटेचा रस्ता. चालणारी पावलं.)

उरलेल्या बहुसंख्य पाठींना काय लागतं? सुरुवातीचे काही दिवस शेक, आणि गरज असेल तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस सूज उतरवणारी गोळी. साधं पॅरासिटामॉल ताज्या कंबरदुखीत फारसं काम करत नाही, हे 2014 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. अफूवर्गीय औषधंही औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा वरचढ ठरली नाहीत, हे 2023 मध्ये कळलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणं नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. व्यायाम, दुखण्याविषयी नीट समजावून सांगणं आणि मानसिक आधार यांना त्यात जागा आहे. कोणता व्यायाम, असं लोक हमखास विचारतात. जो तुम्ही पुढच्या महिन्यातही करत असाल, तो.

चालण्याबद्दल तर आता आकडेच आहेत. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या 701 जणांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना फिजिओथेरपिस्टने थोडं समजावलं आणि हळूहळू चालणं वाढवत न्यायला सांगितलं. लक्ष्य होतं आठवड्यातून पाच वेळा, अर्धा-अर्धा तास. बाकीच्यांना वेगळं काही सांगितलं नाही. दुखणं दोन्हीकडे अनेकांना परत आलं. न चालणाऱ्या गटात कामं अडवणारी कंबरदुखी परतायला मधला आकडा होता 112 दिवसांचा. चालणाऱ्यांमध्ये, 208.

(दृश्य: पावलं थांबतात. बुटाची नाडी सुटलेली असते. ती व्यक्ती वाकते.)