घाटात गेलेला दम आणि सकाळची खडखड

(दृश्य: खंबाटकी घाटाचा चढ. पांढरी डिझेल स्विफ्ट, मागे मालट्रकांची रांग.)

खंबाटकी हा पुणे-सातारा रस्त्यावरचा मोठा चढ. सपाट रस्त्यावर झाकून राहिलेली डिझेल गाडीची खोड या चढावर बाहेर पडते.

ही गाडी अर्ध्या घाटात एकदम बसली. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला, तरी इंजिन अडीच हजार आर.पी.एम.च्या वर जाईना. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला. मालकाने गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली, पुन्हा सेल्फ मारला. गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली. दोन वळणं गेल्यावर पुन्हा तेच.

पुढच्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला गेला आणि निकाल मिळाला: टायमिंग गेलंय, चेन किट टाका. म्हणजे इंजिनाची पुढची बाजू उघडायची, खर्च मोठा. मालकाने हो म्हणण्याआधी गाडी पुण्यात आणली, दुसरं मत घ्यायला.

(दृश्य: पुण्यातलं गॅरेज. बॉनेट वर. इंजिनाचा जवळून शॉट.)

या बॉनेटखालचं इंजिन मूळचं फियाटचं. १२४८ सी.सी., चार सिलिंडर, १६ व्हॉल्व, नाव मल्टिजेट. २००३ साली ते युरोपात आलं, २००७ मध्ये मारुतीने ते स्विफ्टमध्ये बसवलं. मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा आणि मान्झा, फियाटची पुंटो आणि लिनिया. आपल्याकडे ते मानेसरला बनायचं आणि पुण्याजवळ रांजणगावलाही. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते होतं की लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. रस्त्यावर मात्र ही इंजिनं अजून भरपूर आहेत, आणि आता ती वयाला आली आहेत.

स्कॅनरमध्ये दोन कोड निघाले. पी ०२९९: टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब अपेक्षेपेक्षा कमी. पी ००१६: क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) यांच्या सिग्नलचा मेळ बसत नाही. आधीच्या गॅरेजने दुसरा कोड पाहिला आणि घाटातला प्रकार त्याच्याच माथी मारला.

इथल्या उस्तादांनी स्कॅनर बाजूला ठेवून मालकाला दोनच प्रश्न विचारले.

“दादा, किल्ली बंद-चालू केली की दम परत येतो?”

“येतो ना उस्ताद. दर वेळी.”

“आणि सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो?”

“दोन-तीन सेकंद खडखड होते. पण ते बऱ्याच महिन्यांपासून आहे.”

निम्मं निदान इथेच झालं. क्रँकवरून कॅमला फिरवणारी टायमिंग चेन झिजून लांबते ती महिनोन्‌महिने, हळूहळू. किल्ली फिरवली म्हणून ती पुन्हा आखूड होत नाही. घाटात मिनिटाभरात गेलेला आणि किल्लीसरशी परत आलेला दम चेनमुळे गेला असेल, हे पटणारं नाही. ते काम ई.सी.यू.चं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं. मागितलेला दाब मिळत नाही असं दिसलं की तो स्वतःच डिझेल आखडतो, इंजिन वाचवायला. याला लिंप मोड म्हणतात. किल्ली बंद केली की तो नव्याने हिशेब मांडतो, आणि पुढच्या चढाला पुन्हा त्याच ठिकाणी अडतो.

म्हणजे एकाच गाडीत दोन दुखणी होती. एक ताजं, एक जुनं.

(दृश्य: स्कॅनरचा पडदा. किल्ली ऑन, इंजिन बंद.)

आधी ताजं. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला, प्रेशर सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. तो दाब गावागणिक बदलतो. मुंबईत, समुद्रसपाटीला, १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात सुमारे ९५, महाबळेश्वरला त्याहून बराच कमी. इथे पडद्यावर ९५ आहे. सेन्सर ठीक. बिनपैशाची तपासणी आहे ही, आणि तरी ती न करताच सेन्सर बदलले जातात.

आता गाडी रस्त्यावर. उभ्या गाडीत कितीही रेस द्या, टर्बो पुरता उचलत नाही, कारण इंजिनावर भारच नसतो. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये, चढाला, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. ई.सी.यू. २०० किलोपास्कलच्या वर मागतोय. मिळतायत १४० च्या आसपास. मागे काळा धूर. त्या धुराचंही कारण आहे: आत शिरलेली हवा सेन्सरने मोजली, पण टर्बोनंतर ती कुठेतरी निसटली. डिझेल मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडलं, जळायला हवा मात्र कमी होती.

हवा कुठून निसटतेय? इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होज पाईपवर, क्लॅम्पच्या खालच्या अंगाला, तेलकट ओल होती. वरून बघताना दिसत नाही, हात घालून चाचपावं लागतं. पाईपची तोंडं बंद करून आत थोडी हवा भरली, वर साबणाचं पाणी सोडलं. चीर लगेच फसफसली. भार नसताना मिटलेली, दाब आला की उघडणारी चीर.

(दृश्य: नवा होज पाईप बसतो. नळ्या, फिल्टर.)

डिझेलची बाजू उस्तादांनी झटपट उरकली. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, आयडलला सुमारे ३०० बार दाब होता, चढाला मागणी आणि पुरवठा बरोबरीने चालत होते. फिल्टर तुंबला असता तर आकड्यांत तिथेच दरी पडली असती. मग एकेका इंजेक्टरची रिटर्नची नळी वेगळ्या बाटलीत सोडून कोण जास्त डिझेल परत फेकतो ते बघावं लागलं असतं. क्रँक सेन्सरवरही संशय नव्हता. तो तापून रुसला तर सहसा इंजिनच बंद पडतं, नुसता दम जात नाही.

पुन्हा तोच चढ, तोच गिअर. मागितलेला आणि मिळालेला दाब आता जवळजवळ एका रेषेत. धूर नाही. घाटातलं दुखणं एका रबरी पाईपने गेलं.

मालकाचा चेहरा खुलला. “मग चेन नको ना बदलायला?”

“ते सकाळी सांगतो. गाडी रात्रभर इथेच राहू द्या.”

(दृश्य: पहाट. थंड इंजिन.)

इथे जरा थांबून समजून घ्यावं लागेल. गॅरेजमध्ये ‘टायमिंग’ म्हटलं की दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र होतात. एक, डिझेल नेमकं कधी फवारायचं. दुसरी, व्हॉल्व कधी उघडायचे आणि मिटायचे.

१९९८ साली आलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनात पंप बेल्टवर फिरायचा आणि फवाऱ्याची वेळ पंपच ठरवायचा. मेकॅनिक पंपाचे बोल्ट सैल करून तो किंचित फिरवायचा. वेळ पुढे गेली तर इंजिन ठोके द्यायचं, मागे राहिली तर पांढरा धूर आणि गाडी मंद. ते कानांचं काम होतं, आणि त्यातले तयार कान आता कमी होत चाललेत.

मल्टिजेटमध्ये पंप फक्त दाब तयार करतो. फवाऱ्याची वेळ ई.सी.यू. ठरवतो, क्रँक सेन्सर बघून. इंजिन २००० आर.पी.एम.वर असताना क्रँकचा एक फेरा ३० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एक अंश फिरायला मिलिसेकंदाचा बारावा भाग. एकाच स्ट्रोकमध्ये अनेक फवारे मारायचे ते या मापात. चेन लांबली तरी हा हिशेब बिघडत नाही. बिघडते ती व्हॉल्वची वेळ. कॅम क्रँकच्या मागे पडतो, हवा दाबायला उशिरा कोंडली जाते, कॉम्प्रेशन घटतं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, ते दाबून तापलेल्या हवेनेच पेटतं. म्हणून चेनचं दुखणं आधी थंड इंजिनाच्या सेल्फला कळतं, घाटाला नाही.

सेल्फ मारला. खडखड झाली. दोन सेकंद, मग शांत. ऑइल प्रेशर आलं की टेन्शनर चेन ताणतो, कारण तो ऑइलच्याच दाबावर चालतो. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. या इंजिनात मुळात ऑइल मावतं ते तीन लिटरच्या आसपास. त्यातलं लिटरभर कमी झालं तर उरलेल्यावर किती ताण येतो ते बघा. ऑइल बदलायला उशीर करणाऱ्यांना हे इंजिन माफ करत नाही.

(दृश्य: ऑसिलोस्कोपवर दोन लहरी.)

तरीही नुसत्या आवाजावर आणि कोडवर चेन उघडायची नाही. पी ००१६ सैल वायरिंगने येतो, कॅम सेन्सर बिघडल्यानेही येतो. म्हणून ऑसिलोस्कोप, सेन्सरच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. क्रँकच्या चाकावर ६० दात्यांची जागा असते, त्यातले दोन मुद्दाम काढलेले. ती मोकळी जागा म्हणजे खूण. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. कॅमची लहर त्या खुणेपासून किती दात्यांवर उठते ते मोजायचं आणि त्याच इंजिनाच्या निरोगी गाडीच्या नोंदीशी ताडून बघायचं. एक दाता म्हणजे क्रँकचे सहा अंश. उस्तादांच्या लॅपटॉपमध्ये अशा नोंदी जपलेल्या आहेत, आणि माझ्या मते या गॅरेजमधली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. दोन्ही लहरी स्वच्छ होत्या, म्हणजे सेन्सर आणि वायरिंग शाबूत. पण कॅमची लहर निरोगी नोंदीपेक्षा स्पष्ट मागे होती.

आधीच्या गॅरेजचा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. चेन खरंच गेली होती. फक्त ती बदलूनही गाडी घाटात तशीच बसली असती.

(दृश्य: पुढचं कव्हर उघडलेलं. जुनी आणि नवी चेन शेजारी शेजारी.)

नवी चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं), सगळा संच एकत्र बदलला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर झिजलेले दाते तिला लवकर खातात. कॅम आणि क्रँक लॉकिंग पिनांनी जागच्या जागी धरले. बसवून झाल्यावर पिना काढल्या आणि पान्याने हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे दिले. पिना पुन्हा घातल्या. त्या सहज आत गेल्या, म्हणजे टायमिंग बरोबर. अडल्या असत्या तर पुन्हा सगळं खोलायचं. सेल्फ मारायचा तो यानंतरच.

मालकाने विचारलं, “तशीच चालवली असती तर?”

“चालली असती काही दिवस. मग एखाद्या सकाळी चेनने दाता सोडला असता. पिस्टन वर, व्हॉल्व खाली. व्हॉल्व दाबणारे रॉकर तुटतात, व्हॉल्व वाकतात. असं कधी झालं, आवाज होऊन गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारून बघायचा नाही. धक्का स्टार्ट तर अजिबात नाही. न्यूट्रलमध्ये टाकायची आणि टोइंगला फोन करायचा.”