टर्बो बदलायच्या आधी

(दृश्य : पुठ्ठ्यावर पडणारा थेंब, अगदी जवळून)

रात्रभर गाडीखाली ठेवलेला हा पुठ्ठा. गळती शोधायची सुरुवात इथून होते. डाग लालसर असता तर पॉवर स्टिअरिंगचं ऑइल. गंधकासारखा उग्र वास असता तर गिअर ऑइल. हा डाग काळा आहे, म्हणजे डिझेल इंजिनाचं ऑइल. आणि तो पडलाय बेल हाउसिंगच्या खाली, जिथं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेले असतात.

गाडी जुनी स्कॉर्पिओ. २००२ साली स्कॉर्पिओ बाजारात आली ती २.६ लिटरचं, १०९ अश्वशक्तीचं टर्बो डिझेल इंजिन घेऊन. ही त्याच पिढीतली. नाशिकच्या कारखान्यातून निघालेली आणि आज नाशिकमधल्याच एका गॅरेजच्या पत्र्याखाली उभी.

इथं येण्याआधी ती दोन ठिकाणी दाखवून झाली होती. एकानं सांगितलं, इंजिनाच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. दुसरा म्हणाला, टर्बो गेला, नवा टाका. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. इंजिन मात्र दोघांपैकी कुणीच धुतलं नव्हतं.

(दृश्य : डिग्रीझरचा फवारा, काळं पाणी, ब्रश, हवेचा पाइप)

अल्टरनेटर आणि हवेचं तोंड प्लास्टिकनं बांधून घेतलंय. वर्षानुवर्षांचं ऑइल आणि धूळ मिळून बसलेला थर आता सुटतोय. या थराखाली काहीच दिसत नाही, आणि गळतीच्या चुकीच्या निदानांचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. ऑइल जिथून निघतं तिथं थांबत नाही. ते उतारानं खाली येतं, आणि गाडी पळत असताना हवा त्याला मागे ढकलते. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, पॅकिंग पाझरलं तरी थेंब पडतो तो बेल हाउसिंगखाली, आणि बिचाऱ्या मागच्या सीलवर आळ येतो. मिस्त्री म्हणूनच थेंब बघत नाहीत. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधतात.

इंजिन सुरू. आता ऑइल भरायचं झाकण काढलं. एकदम जोराचा फुसकारा येतो, आणि मग शांत होतो. गॅरेजच्या भाषेत ही बॅक कॉम्प्रेशनची परीक्षा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर धूर भकाभका येतच राहिला असता. इथं तसं होत नाही. दाब साठलेला होता, कारण तो बाहेर जायची वाट बंद होती.

(दृश्य : ब्रीदरचा पाइप कापताना)

ती वाट ही. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा रबरी पाइप, उष्णतेनं कडक झालेला, आतून काळ्या चिकट गाळानं भरलेला.

आता टर्बो. हवेचा होस काढून मिस्त्री शाफ्टला दोन बोटांत धरतात. बाजूला किंचित हलतो. तो हलायलाच हवा. हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. इंजिन बंद असताना थोडी मोकळीक लागतेच, आणि ती पाहून कित्येक चांगले टर्बो भंगारात गेलेत. आत-बाहेर हालचाल मात्र जाणवता कामा नये. इथं जाणवत नाही. पात्यांच्या कडा शाबूत आहेत, घासल्याची एकही खूण नाही.

होसच्या आत ऑइलचा हलका ओशटपणा आहे. ब्रीदरची वाफ तिथंच जाते, म्हणून इतपत चालतं. ऑइल साचलं असतं तर गोष्ट वेगळी.

(दृश्य : गॅरेजचे दिवे बंद. अतिनील टॉर्च.)

ऑइलमध्ये रंगद्रव्य टाकून गाडी फिरवून आणली. टॅपेट कव्हर कोरडं. पुढचं सील कोरडं. आणि इथं, टर्बोच्या खाली, रिटर्न पाइपच्या जोडावर, पिवळट हिरवी रेघ.

टर्बोत ऑइल दाबानं येतं, पण परत जातं ते फक्त उतारानं. म्हणून रिटर्नचा पाइप जाड असतो. चेंबरकडची, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीकडची, वाट अडली किंवा आत दाब साठला की ऑइल टर्बोतच तुंबतं. टर्बोची सील रबराची नसतात, लोखंडी कड्यांची असतात. तुंबलेलं ऑइल ती अडवू शकत नाहीत. मग नवा टर्बो टाकला तरी तोही ऑइल फेकणार.

(दृश्य : सुटलेला पाइप, आतला निळा तुकडा)

हे बघा काय निघालं. पूर्वी कुणीतरी पॅकिंगऐवजी सिलिकॉन भरलं होतं. बोल्ट आवळले तसं ते आत दाबलं गेलं आणि पाइपचं तोंड निम्मं बुजलं. वर ब्रीदर बंद, खाली रिटर्न अरुंद.

असं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते, आणि टर्बोतून सिलिंडरमध्ये गेलं तर डिझेल इंजिन चावी काढूनही थांबत नाही.

लागलेलं सामान बाकावर मांडलंय. ब्रीदरचा पाइप, रिटर्नचं पॅकिंग, ऑइल झेपणारा रबरी होस, दोन क्लिपा, टर्बोत ऑइल आणणाऱ्या पाइपच्या पोकळ, म्हणजे बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर. टर्बो जुनाच बसतोय, गिअरबॉक्सला हात लागलेला नाही. मिस्त्री जोडाचे दोन्ही पृष्ठभाग घासून कोरडे करतात आणि पोऱ्याला बजावतात, "इथं सिलिकॉन लावायचं नाही रे. नुसतं पॅकिंग."