प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यांसमोर अंधार का येतो?

नमस्कार. प्रोस्टेटचं, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं, ऑपरेशन सुरू आहे. कमरेखाली भूल दिलेली आहे, माणूस जागा आहे. आणि टेबलावरचे काकाजी विचारतात, "डॉक्टरसाहेब, लाईट गेली का?" लाईट गेलेली नसते. त्यांनाच दिसेनासं झालेलं असतं.

हे क्वचित होतं, पण होतं. आपल्या नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत, धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून वडीलधारे या ऑपरेशनला येतात. त्यांना आणि सोबतच्या मुला-सुनांना हे आधीच माहीत असायला हवं.

दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडताना रक्त येतं, त्यामुळे आत सतत द्रव सोडून जागा धुवावी लागते. सलाईन का नाही? मोनोपोलर यंत्रात विजेच्या तारेनं कापतात आणि सलाईनमधून वीज पसरून जाते. पूर्वी डिस्टिल्ड वॉटर वापरायचे, पण ते रक्तात शिरलं की तांबड्या पेशी फुटतात. त्यातून झालेल्या मृत्यूची नोंद १९४७ साली छापून आली. मग ग्लायसिन या अमिनो आम्लाचा १.५ टक्के द्रव रूढ झाला.

ग्लायसिन आपल्या शरीरातच असतं. डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, त्याचं काम संदेश थोपवणं. कापलेल्या शिरांतून ते जास्त आत गेलं, की पडद्याचं कामच मंदावतं. कुणाला धुरकट दिसतं, कुणाला काहीच नाही. बाहुल्या मोठ्या होतात, पण पडदा तपासला तर ठणठणीत! ग्लायसिन रक्तातून उतरलं की नजर परतते, बहुधा २४ तासांत, कधी ४८ तास लागतात.

म्हणून घाबरू नका, पण गप्पही बसू नका. मला सर्वांत जास्त हेच सांगायचंय. कारण त्याच द्रवानं रक्तातलं सोडियमही पातळ होतं. ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल असायला हवं. १२०च्या खाली गेलं तर माणूस बरळतो, झटके येऊ शकतात. डोळ्यांनी दिलेली खूण डॉक्टरांना आधी कळली, तर ते ऑपरेशन लवकर आटोपतात, सोडियम तपासतात, गरजेप्रमाणे लघवी वाढवणारं औषध देतात. "म्हातारपणी असंच दिसतं" असं म्हणून सोडून देऊ नका. मळमळ, अस्वस्थपणा, धाप, तेही लगेच सांगा.

ऑपरेशनआधी विचारा: कोणता द्रव वापरणार? बायपोलर यंत्र (यात वीज तारेच्या टोकापाशीच फिरते) असेल तर सलाईन चालतं, ग्लायसिनचा प्रश्नच येत नाही. तरी सलाईनही जास्त आत गेलं तर हृदयावर ताण येतो, म्हणून द्रवाचा हिशेब तिथेही ठेवतात. गर्भाशयाच्या दुर्बिणीच्या काही ऑपरेशनमध्येही ग्लायसिन वापरतात, तेव्हा बायांनीही हे विचारावं.

आणि एकाच डोळ्यानं दिसत नसेल, डोळा दुखत असेल, किंवा दोन दिवसांनीही नजर आली नसेल, तर ते ग्लायसिनचं लक्षण मानू नका. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा कमी झाला असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.