सरकलेली हिरडी आणि माळकरी मावशी

नमस्कार श्रोतेहो. आज हिरड्यांविषयी आणि सरकलेली हिरडी पुन्हा लावायच्या शस्त्रक्रियेविषयी बोलायचं आहे. दातांची चौकशी सगळे करतात, हिरडीची आठवण मात्र रक्त आल्याशिवाय कुणाला होत नाही.

चाळिशी-पन्नाशीतली माणसं दवाखान्यात येतात आणि सांगतात, "डॉक्टर, माझे दात लांब व्हायला लागलेत." आरशात तसंच दिसतं खरं. पण दात आहे तेवढाच असतो. हिरडी मागं सरकलेली असते आणि दाताचं मूळ उघडं पडलेलं असतं. दाताच्या वरच्या भागाला इनॅमलचं टणक कवच असतं, मुळाला ते नसतं. म्हणून माठातलं पाणी लागलं, चिंचेची आमटी लागली, नुसता ब्रशचा केस लागला तरी डोक्यात सणक जाते. शिवाय उघड्या मुळाला कीड लवकर धरते.

हिरडी का सरकते, ते भराभर सांगतो. कडक ब्रश आणि आडवा हात. हिरड्यांचा जुना आजार, ज्यात दाताभोवतीचं हाडच झिजतं. तंबाखू, गुटखा, मिश्री एकाच जागी दाबून ठेवणं. काहींची हिरडी मुळातच पातळ असते. आणि कधीकधी तार लावून दात सरळ करताना ते हाडाच्या कडेबाहेर ढकलले जातात, तेव्हाही.

ब्रशवरून आठवलं. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्ट पिळतात. वाटाण्याएवढी पुरते हो! उरलेली सगळी बेसिनात जाते. पांढरा कोट घालून हसणारा तो गृहस्थ दातांचा डॉक्टर असतो की नट, हेही एकदा कुणीतरी विचारायला पाहिजे. असो.

मुद्द्याचं ऐका. सरकलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही. हळद-मीठ चोळून वाढत नाही, मोहरीच्या तेलानं वाढत नाही, मोबाइलवर फिरणाऱ्या कुठल्याही उपायानं वाढत नाही. पण ती लावता येते. तीच ही शस्त्रक्रिया.

सगळ्यांना तिची गरज नसते. नुसती सणक असेल तर औषधी पेस्ट, फ्लोराइडचा लेप किंवा दाताच्या रंगाचं सिमेंट यावर भागतं. हिरडी दर वर्षी आणखी सरकत असेल, दाताभोवती घट्ट हिरडीची पट्टीच उरली नसेल किंवा मूळ किडायला लागलं असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. आणि ती किती यशस्वी होईल, हे दोन दातांच्या मधल्या हाडावर ठरतं. १९८५ साली मिलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी याचे चार वर्ग पाडले. मधलं हाड आणि मधली हिरडी शाबूत असेल तर उघडं मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. मधलं हाड गेलं असेल तर पूर्ण झाकत नाही, कितीही मोठा डॉक्टर असला तरी.

आता एक किस्सा सांगतो. मी तो कुठंही सांगतो, इथंही सांगणार.

आमच्या फलटणला एक मावशी आल्या. माण तालुक्यातल्या, गळ्यात तुळशीची माळ, वर्षानुवर्षांची वारी. खालचे पुढचे दोन दात, त्यांच्यासमोरची हिरडी पार खाली गेलेली, मुळं उघडी. "माउली, गार पाणी पेता येत न्हाई. वारीत कुनी तांब्या पुढं केला तरी भ्या वाटतं." मधलं हाड चांगलं होतं. मी म्हटलं, शस्त्रक्रिया करू. कोलाजेन नावाच्या प्रथिनाचा तयार पत्रा मिळतो, तो हिरडीखाली सरकवू, म्हणजे दुसरीकडं कापाकापी नको.

मावशींनी विचारलं, "त्यो पत्रा कशाचा असतो?"

आता खोटं कसं बोलणार? हे कोलाजेन बहुधा गाई-बैलांच्या नाहीतर डुकराच्या कातडीतून काढतात, काही माशापासूनही काढतात. सांगितलं. मावशी खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "हिरडी नसली तरी चालंल."

म्हटलं, बसा मावशी. दुसरा मार्ग आहे, आणि तोच जास्त खात्रीचा आहे. तुमच्याच तोंडातल्या टाळूतून घेऊ. टाळूच्या वरच्या कातडीला एक बारीक छेद द्यायचा, आतला पातळ थर काढायचा, वरची कातडी पुन्हा बसवून टाके घालायचे. काढलेला थर उघड्या मुळांवर ठेवायचा आणि तिथलीच हिरडी सोडवून त्यावर ओढून शिवायची. ही रीत लँगर आणि लँगर या दोघांनी १९८५ मध्येच मांडली, आणि आजही मूळ झाकायचं म्हटलं की बाकीच्या पद्धती तिच्याशीच ताडून बघतात. मावशी म्हणाल्या, "माझंच मला? मग करा."

आणि लगेच, "दोरा कशाचा?"

श्रोतेहो, इतकी वर्षं दात बघतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तोंडात नेहमी वापरतात तो काळा दोरा रेशमाचा. रेशीम म्हणजे किडे उकळून काढलेलं. दुसरा एक आपोआप विरघळणारा जुना दोरा असतो, तो जनावरांच्या आतड्याचा. मावशींनी दोन्ही नाकारले. मग नायलॉनचा बारीक दोरा काढला. तसाही अशा नाजूक कामाला तो चांगलाच. लिहून दिलेल्या कॅप्सूलकडं बघून म्हणाल्या, "आन ह्येचं टोपण?" टोपण जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं. कॅप्सूल खोडून साधी गोळी लिहिली. बिस्किटाच्या पुड्यावर आपल्याकडं हिरवा ठिपका असतो, गोळ्या-औषधांच्या पाकिटावर मात्र शोधत बसा. माणसाला काय गिळतोय ते कळायला नको का? हे माझं मत आहे, मी ते सोडत नाही.

मग मी म्हटलं, आता माझी पाळी. ओठ खाली केला, तर आत काळपट, सुरकुतलेली जागा. "मावशी, मिश्री?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "ती तर पानाचीच हाय की."

काय बोलणार! शाकाहाराच्या कसोटीला मिश्री पूर्ण उतरली. पण हिरडीच्या कसोटीला नाही. जिथं मिश्री धरत होत्या, नेमकी तिथलीच हिरडी सरकली होती. मी सांगितलं, आधी मिश्री बंद, दात साफ करून घ्या, मग शस्त्रक्रिया. नाहीतर लावलेली हिरडी धरणार नाही, धरली तरी परत सरकेल. मावशी रागावून गेल्या. मला वाटलं, गेल्या त्या गेल्या. माघ सरला, फाल्गुन सरला. चैत्रात आल्या, ओठाची आतली बाजू गुलाबी. "सोडली. सुनंनं तवा लपवला हुता."

शस्त्रक्रिया झाली. सुई टोचून जागा बधिर करतात, दीड-एक तासाचं काम. दोन-तीन दिवस सूज, टाळूला जरा हुळहुळ. घरी जाताना एकच गोष्ट तीनदा बजावली: ओठ खाली ओढून बघायचं नाही. लावलेली मिरचीची रोपं रुजली का म्हणून रोज उपटून बघता का? तसंच. पहिल्या दिवसांत त्या तुकड्याला रक्तपुरवठा नव्यानं धरायचा असतो. ओठ ओढला, टाका हलला, की संपलं. त्यांनी ऐकलं. सुनेनं आरसाही लपवला म्हणे.

आषाढी वारीत माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला आली. हल्ली सगळी वारी प्लॅस्टिकच्या रंगीत कागदात गुंडाळलेली दिसते. पूर्वी पावसासाठी पानांची इरली असायची, शोभायची आणि शेवटी मातीत मिळून जायची. तर मावशींची दिंडी आली. आता ओढायला हरकत नव्हती, म्हणून त्यांनी सगळ्या दिंडीला ओठ ओढून ओढून दाखवलेला. पालखी हलायच्या आधी सकाळी दवाखान्यासमोर डोक्यावर पदर घेतलेल्या बायांची रांग, सगळ्यांचे दात मिश्रीनं काळे. पहिली आत आली, बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "माउली, तुमच्याकडं नायलानचा दोरा हाय न्हवं?"

आता वेळ थोडा राहिलाय, पलीकडून खुणा चालल्यात. शस्त्रक्रियेनंतरचं तेवढं ऐका. त्या जागी साधारण दोन आठवडे ब्रश नाही. त्याऐवजी डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या, म्हणजे जंतुनाशक औषधाच्या, पाण्यानं दिवसातून दोनदा चूळ. त्यानं दात जरा तपकिरी दिसतात, घाबरू नका, नंतर साफ करता येतात. खाणं मऊ आणि कोमट: मऊ भात, खिचडी, शिरा. भाकरी कुस्करून. तिखट नको, बिडी-सिगारेट, तंबाखू अजिबात नको. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. हिरडीचा रंग आणि आकार पुढं काही महिने सुधारत राहतो, म्हणून आठव्या दिवशी फोन करून "डागासारखं दिसतंय" म्हणू नका. आणि पुन्हा सांगतो, ओठ ओढून बघू नका.

पुन्हा एकदा: हिरडी आपोआप वाढत नाही, लावावी लागते. आणि जे सरकवतंय ते थांबवल्याशिवाय लावून उपयोग नाही. मऊ ब्रश, हलका हात, तंबाखू बंद.

खर्चाची चिंता असेल तर मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं, अशा ठिकाणी हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. केसपेपर काढताना तोच विभाग मागा, दात काढायच्या रांगेत उभे राहू नका. आणि सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. नमस्कार.